तारीख नसलेली आश्वासनं

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. ही गोष्ट आपण पाहुणचाराची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी गेले, तेव्हाही तिची आठवण त्याच अंगानं निघाली. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. ही माणसं पंचगंगेच्या काठी सुखरूप होती, त्या पाच वर्षांत त्यांची गावं दुसऱ्या देशात गेली. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्या सरकारलाही कित्येक महिने कुणी सांगितलं नाही.

यातले बहुतेक जण पूर्व पोलंडचे. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांनी पोलंड वाटून घेतला. त्यानंतर सोव्हिएत राजवटीनं या भागातली माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला आणि कालचा शत्रू दोस्त झाला. लंडनमध्ये आसरा घेतलेलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैदेतले पोलिश सुटले, आणि जनरल अँडर्स यांच्या फौजेबरोबर एक लाखाहून जास्त माणसं १९४२ मध्ये इराणमध्ये उतरली. तिथून काही कुटुंबं वळिवड्याला आली. सैनिक पुढे इटलीत गेले आणि ब्रिटिश आठव्या सैन्यात लढले. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा मठ घेतला तो याच पोलिश तुकड्यांनी. दोनच महिन्यांनी इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगावचे नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपले मराठे आणि ते पोलिश दोघेही अशा युद्धात मरत होते, ज्याच्या शेवटी काय मिळणार हे दोघांच्याही हातात नव्हतं. पोलिश सैनिक कासिनोच्या डोंगरावर चढले तेव्हा त्यांची घरं कुणाकडे जाणार हे तेहरानच्या बैठकीत चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन यांच्यात ठरून सहा महिने होत आले होते.

पोलंड याल्टात विकला गेला, असं सर्रास म्हटलं जातं. फेब्रुवारी १९४५, क्रिमियातला लिवाडिया राजवाडा, आजारी रूझवेल्ट, थकलेला चर्चिल आणि धूर्त स्टॅलिन. हे चित्र सोपं आहे आणि म्हणूनच मला ते मान्य नाही. याल्टाच्या वेळी लाल सेना ओडर नदीवर, बर्लिनपासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर होती. पश्चिमेकडच्या फौजांनी अजून ऱ्हाईन ओलांडलेली नव्हती. त्या आठवड्यात द्यायला किंवा रोखायला चर्चिल-रूझवेल्ट यांच्या हातात फारसं उरलंच नव्हतं. आधीची तीन वर्षं मोठ्या दोस्त राष्ट्रांनी अवघड प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, आणि नुकसान त्या उत्तरानं केलं. ते उत्तर म्हणजे ‘हे युद्धानंतर पाहू’.

डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ईडन मॉस्कोत होते. जर्मन फौजा शहराच्या वेशीपासून नुकत्याच मागे रेटल्या गेल्या होत्या. एवढ्या बिकट स्थितीतही स्टॅलिननं १९४१ च्या सोव्हिएत सीमांना मान्यता मागितली, म्हणजे हिटलरशी संगनमत करून मिळवलेला मुलूख आपलाच राहावा असं मागितलं. पोलंडच्या सीमेबद्दल कर्झन रेषा धरावी, म्हणजे पूर्व पोलंड आपल्याकडे यावा, असंही त्यानं बोलून दाखवलं. (हा कर्झन म्हणजे बंगालची फाळणी करणारा आपला व्हाइसरॉयच. १९२० मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्याच्या नावानं ही रेषा पुढे आली.) लंडन आणि वॉशिंग्टननं तत्त्व सांगितलं: युद्धात सीमा ठरवायच्या नाहीत, शांतता परिषदेत ठरवू. मे १९४२ मध्ये ब्रिटन-सोव्हिएत करार झाला, त्यात सीमांचा उल्लेख नाही. तत्त्व चांगलं होतं. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिल-रूझवेल्ट यांनी काढलेल्या अटलांटिक सनदेत प्रत्येक जनतेला आपली राजवट निवडण्याचा हक्क आहे असं लिहिलं होतं. मात्र हे भारताला लागू नाही, असं चर्चिल यांनी ९ सप्टेंबर १९४१ रोजी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं होतं, त्यामुळे सनदेच्या शब्दांना किती वजन द्यायचं ते स्टॅलिनला आणि आपल्यालाही वेळीच कळलं होतं.

प्रश्न पुढे ढकलला म्हणजे तो आहे तिथेच थांबतो, असं टेबलाशी बसलेल्यांना वाटतं. युद्धात तसं होत नाही. आघाडी हलत असते, आणि ज्याची फौज पुढे सरकते त्याच्या बाजूनं प्रश्न रोज थोडा थोडा सुटत जातो. १९४१ च्या डिसेंबरात स्टॅलिनला रणगाडे, ट्रक, धान्य, सगळंच हवं होतं. पोलंडसाठी पक्कं काही मागून घ्यायची वेळ असेल तर ती तेव्हाची. पण त्यानंतर पश्चिमेनं फ्रान्सच्या बाजूनं जर्मनीविरुद्ध दुसरी आघाडी १९४२ मध्ये उघडण्याची आशा दाखवली आणि ती उघडली ६ जून १९४४ रोजी. मधल्या काळात जर्मन सैन्याचा मुख्य भार सोव्हिएत सैनिकांनी लाखोंनी मरून पेलला. त्या ओझ्याखाली चर्चिल-रूझवेल्ट यांचा आवाज दबला, यात मला नवल वाटत नाही. ज्याचं रक्त सांडतंय त्याला अटी घालणं कठीणच. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात सोव्हिएत राजवटीनं मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली, पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडे चौकशी मागितली, आणि स्टॅलिननं त्याच कारणावरून त्या सरकारशी संबंध तोडले. दोस्तांनी एकजूट राखायची म्हणून मौन धरलं.

मग नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरान. पहिल्याच रात्री चर्चिल यांनी तीन काड्या टेबलावर ठेवून पोलंड पश्चिमेकडे कसा सरकवता येईल ते स्टॅलिनला दाखवलं: पूर्वेचा मुलूख रशियाला, बदल्यात पोलंडला जर्मनीचा. १ डिसेंबरला रूझवेल्ट यांनी स्टॅलिनला एकांतात सांगितलं की आपली या कल्पनेला हरकत नाही, पण पुढच्या वर्षी निवडणूक आहे, अमेरिकेत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत, त्यामुळे जाहीरपणे काही बोलता येणार नाही. पोलिश पंतप्रधान मिकोलायचिक यांना हे ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत कळलं, आणि तेही सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हच्या तोंडून. चर्चिल त्याच खोलीत बसले होते. दोस्ताचा निर्णय दोस्तानं लपवायचा आणि दुसऱ्यानं तो असा उघड करायचा, याहून मोठा विश्वासघात मला त्या युद्धाच्या राजकारणात दिसत नाही. याल्टा त्यापुढे फिका आहे.

पूर्व पोलंडच्या खेड्यांत युक्रेनी आणि बेलारूसी लोकांची वस्ती मोठी होती, हेही इथे सांगायला हवं. ल्वूफ शहर पोलिशबहुल होतं, भोवतालचा मुलूख तसा नव्हता. कर्झन रेषा निव्वळ अन्यायाची रेषा होती असं म्हणणं युक्रेनी माणसावर अन्याय करणारं ठरेल. सीमा बदलली ही तक्रार वेगळी आणि ती कशी बदलली ही तक्रार वेगळी. मी दुसरीबद्दल बोलतो आहे.

याल्टात पोलंडबद्दल जे लिहिलं गेलं ते असं: तिथलं सरकार अधिक व्यापक लोकशाही पायावर पुन्हा रचायचं आणि शक्य तितक्या लवकर मुक्त निवडणुका घ्यायच्या. पाया किती व्यापक, हे लिहिलं नाही. निवडणुकीवर देखरेख कोण करणार, तेही नाही. रूझवेल्ट यांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लीही यांनी तेव्हाच बजावलं होतं की हे शब्द याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणले तरी करार मोडला असं म्हणता येणार नाही. सध्या पोलंडसाठी याहून जास्त जमत नाही, असं रूझवेल्ट यांचं उत्तर होतं. मार्च १९४५ मध्ये पोलिश प्रतिकार चळवळीचे सोळा नेते बोलणीसाठी बोलावले गेले आणि अटकेत पडले. जूनमध्ये मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालला. निवडणूक झाली जानेवारी १९४७ मध्ये, दहशतीत आणि लबाडीनं.

त्याच याल्टात त्याच माणसांनी दुसराही करार केला. जर्मनी शरण आल्यावर दोन-तीन महिन्यांत सोव्हिएत रशिया जपानविरुद्ध युद्धात उतरेल, आणि त्याबदल्यात त्याला दक्षिण साखालिन, कुरील बेटं आणि मांचुरियातले हक्क मिळतील. मुदत लिहिलेली होती, मोबदला लिहिलेला होता. युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ रोजी संपलं. रशियानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं ८ ऑगस्टला. बरोबर तीन महिने. स्टॅलिन शब्द पाळत नसे, हे म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. जिथे शब्दाला तारीख होती आणि पाळण्यात त्याचा लाभ होता, तिथे त्यानं दिवस मोजून पाळला. (मांचुरियातले हक्क चीनचे होते आणि चीनचे नेते चँग कै-शेक यांना कुणी विचारलं नव्हतं. कुरील बेटांवरून जपान आणि रशिया यांच्यात आजही शांतता करार झालेला नाही.)

यावर जाणकारांचं एक ठरलेलं उत्तर असतं. कागदाला काही अर्थ नाही, जिथे ज्याची फौज तिथे त्याची राजवट. खुद्द स्टॅलिननं एप्रिल १९४५ मध्ये युगोस्लाव पाहुण्यांना याच अर्थाचं काही सांगितलं होतं. पोलंडकडे पाहिलं तर हे पटतं. पण मग इराणचं काय? ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये १९४१ पासून होत्या. जानेवारी १९४२ मध्ये या दोघांनी इराणशी करार केला: शत्रूशी लढाई थांबल्यापासून सहा महिन्यांच्या आत आम्ही निघून जाऊ. इराण दुबळा होता, त्याच्या राजाला या दोघांनीच नुकतं गादीवरून उतरवलं होतं. तरी करारावर इराणची सही होती आणि करारात मुदत होती. ती मुदत २ मार्च १९४६ ला संपली. सोव्हिएत फौज हलली नाही. पण त्याआधीच इराण नव्या सुरक्षा परिषदेत गेला होता, आणि परिषदेपुढे आलेल्या अगदी पहिल्या तक्रारींपैकी ती एक होती. मे १९४६ मध्ये सोव्हिएत फौज बाहेर पडली. यात अमेरिकेचा दबाव होता, तेलाच्या सवलतीचं आमिष होतं, इराणी पंतप्रधान कवाम यांची हुशारी होती, हे सगळं खरं. पण दबाव आणायला बोट ठेवायची जागा लागते. ती जागा त्या तारखेनं दिली. पोलंडसाठी ‘शक्य तितक्या लवकर’ लिहिलं होतं. ते ‘लवकर’ कधी संपलं, हे कुणी कुठल्या दिवशी म्हणणार होतं?

बर्लिनचं उदाहरण तर मला अजून बोलकं वाटतं. जर्मनीचे ताब्याचे विभाग दोस्त राष्ट्रांच्या लंडनमधल्या समितीनं १९४४ मध्येच नकाशावर आखले. बर्लिन सोव्हिएत विभागाच्या पोटात आलं, पण शहराचा पश्चिम भाग पश्चिमेच्या देशांकडे राहणार होता. तिथपर्यंत पश्चिमेच्या फौजांनी रस्त्यानं आणि रेल्वेनं कसं जायचं, हे मात्र त्यात नव्हतं. जून १९४५ मध्ये सोव्हिएत मार्शल झुकोव्ह आणि अमेरिकन-ब्रिटिश सेनानी भेटले, रस्ते-रेल्वेचं तोंडी ठरलं, कागद झाला नाही. आपल्याकडे भावाभावातही जमिनीचा व्यवहार तोंडावर सोडत नाहीत, सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत माणूस तलाठ्याच्या मागे असतो. इथे सेनानींच्या मैत्रीवर अख्खं शहर सोडलं गेलं. पुढे नोव्हेंबर १९४५ मध्ये तीन हवाई मार्ग तेवढे रीतसर लेखी मंजूर झाले. जून १९४८ मध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. रस्ते बंद झाले, रेल्वे बंद झाली, कालवे बंद झाले. विमानं मात्र अडवली नाहीत. जवळजवळ वर्षभर वीस लाखांवर लोकसंख्येचं शहर विमानांनी आणलेल्या कोळशावर आणि पिठावर जगलं. विमान पाडलं तर युद्ध पेटेल ही भीती होतीच, पण जमिनीवरचा अडथळा आणि लेखी हवाई मार्गावरचा हल्ला यांतला फरक मॉस्कोलाही कळत होता.

कोरियाचं दुःख याहून मोठं आहे, कारण तिथे शिक्षा अशा देशाला झाली ज्यानं युद्ध सुरूच केलं नव्हतं. अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांच्या १९४३ च्या कैरो घोषणेत कोरियाला ‘यथावकाश’ स्वातंत्र्य मिळेल असं म्हटलं. त्या यथावकाशाचं युद्ध संपेपर्यंत कुणी पक्कं काही केलं नाही. १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री, जपान शरण येणार हे दिसू लागल्यावर, वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण कर्नलना अर्धा तास देण्यात आला. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील यांनी भिंतीवरचा नकाशा पाहून अडतिसावं अक्षवृत्त सुचवलं. खोलीत कोरियाचा जाणकार नव्हता. अमेरिकन फौजा पोहोचायला अजून जवळजवळ महिना होता, आणि तरी स्टॅलिन त्या रेषेवर थांबला, म्हणजे नेमकी रेषा इथेही पाळली गेली. पाळली गेली नाही ती ‘यथावकाश’ची गोष्ट, कारण घोषणेत तिला ना रस्ता होता ना मुदत. पाच वर्षांत तिथे युद्ध पेटलं आणि त्यात लाखो माणसं मेली. १९५३ च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्यानं केली, आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. युद्धात राहून गेलेलं काम निस्तरायला आपली माणसं अशी दूर जात राहिली.

युद्धातल्या वाटाघाटींनी चांगलंही घडवलं, आणि ते वेळ न दवडता केलं म्हणून घडलं. जुलै १९४४ मध्ये, नॉर्मंडीत लढाई चालू असताना, ४४ देशांचे प्रतिनिधी ब्रेटन वुड्सला तीन आठवडे बसले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची कलमं एकेक करून लिहिली. वर्गणी किती, मतं किती, सगळं आकड्यांत. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे भारताची प्रचंड रक्कम साचली होती, युद्ध संपेपर्यंत ती शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. ही रक्कम सोडवण्याची व्यवस्था नाणेनिधीतून व्हावी, असं आपल्या शिष्टमंडळानं मांडलं. ब्रिटननं ते मान्य केलं नाही. हे आमचं आणि तुमचं, आपण आपापसात नंतर पाहू, असं ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख, अर्थतज्ज्ञ केन्स यांचं म्हणणं. ज्या परिषदेनं पुढच्या कित्येक वर्षांचे नियम अक्षरशः दशांश चिन्हापर्यंत लिहिले, तिनं गुलाम देशाचं येणं ‘नंतर’च्या खात्यात टाकलं.

सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार हाही याल्टाचाच. तो किती नेमका लिहिला गेला पाहा: सनदेत दुरुस्ती करायची तरी पाचही स्थायी सदस्यांची संमती लागते. ऐंशी वर्षं झाली, त्याला कुणी हात लावू शकलेलं नाही. बलवान देशांना नेमकं लिहिता येत नव्हतं असं नाही. स्वतःच्या हक्काबद्दल ते नेमकं लिहीत होते आणि दुसऱ्याच्या हक्काबद्दल मोघम. म्हणूनच ‘त्या घाईत तेवढंच शक्य होतं’ हा बचाव मला पुरेसा वाटत नाही.

हे सगळं जुनं नाही. याल्टा ज्या क्रिमियात आहे तो रशियानं २०१४ मध्ये घेतला. युक्रेननं अण्वस्त्रं सोडायची म्हणून १९९४ मध्ये बुडापेस्टला करार झाला, त्या करारावर रशिया, अमेरिका, ब्रिटन यांच्याबरोबर युक्रेनचीही सही होती. म्हणजे सही पुरेशी नसते. त्या कागदात युक्रेनच्या सीमा पाळण्याचं वचन होतं, पण ते मोडलं तर कोण काय करील हे नव्हतं. सुरक्षा परिषदेकडे जाण्याची आणि सल्लामसलत करण्याची तेवढी सोय होती, आणि त्या परिषदेत नकाराधिकार मोडणाऱ्याकडेच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रियाधला अमेरिका आणि रशिया यांच्यात बोलणी झाली, ऑगस्टमध्ये अलास्कात दोन्ही राष्ट्राध्यक्ष भेटले, आणि दोन्ही वेळा युक्रेन खोलीबाहेर होता. युद्ध थांबावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटतं, रोज वाटतं. पण उद्या जो कागद समोर येईल त्यात परदेशी फौजा कोणत्या तारखेपर्यंत कुठे जातील, निवडणूक किंवा सार्वमत कुणाच्या देखरेखीखाली होईल, करार मोडल्यास कोणता देश किती दिवसांत काय करील, हे लिहिलेलं नसेल, तर तो तह नसेल. पुढच्या युद्धापर्यंतची ती मोकळीक असेल.

आणि इथे भारताला बोलण्याचा अधिकार आहे. जून २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शांतता परिषदेला आपण गेलो, पण संयुक्त निवेदनात सामील झालो नाही. दोन्ही पक्ष खोलीत असल्याशिवाय टिकाऊ शांतता येणार नाही, असं आपलं म्हणणं होतं, कारण रशिया तिथे नव्हता. ते म्हणणं मला पटलं होतं. पण अलास्कात युक्रेन नव्हता, तेव्हा आपण त्या भेटीचं स्वागत केलं. जी अट स्वित्झर्लंडमध्ये लावली ती अलास्कालाही लावायला हवी होती. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भारताच्या नावानं बसलेलं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारनं निवडलेलं होतं, आणि विजयालक्ष्मी पंडित यांना बाहेरून सांगावं लागलं की हे लोक भारताचे प्रतिनिधी नाहीत. असा अनुभव असलेल्या देशानं रशियाशी मैत्री ठेवावी, अमेरिकेशी व्यापार करावा, आणि तरीही दोघांना स्पष्ट सांगावं की ज्याच्या भूमीबद्दल बोलणी आहेत त्याला खुर्ची द्या, नाहीतर त्या बोलण्यांचं स्वागत दिल्ली करणार नाही.